नव्वद ग्रॅमचा हिवाळा

तुम्हाला दिवसाला किती प्रथिनं लागतात हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं, आणि सांगताना त्याच्या पिशवीत काय होतं?

घाईने उत्तर देऊ नका. माझं उत्तर मला पाठ आहे, कारण तो माणूस मला अजून दिसतो. निळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, एका हातात काचेचा वजनकाटा आणि खांद्याला चेन फाटेल इतकी भरलेली काळी बॅग. लातूरला आमच्या अभ्यासिकेच्या बोळकांडीत तो डिसेंबरातल्या एका सकाळी उभा राहिला आणि म्हणाला, "मुलींनो, फक्त दोन मिनिटं. एकदम फ्री."

मार्गशीर्ष उतरणीला लागला की हे सगळं परत वर येतं. नांदेडच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, हातगाड्यांवर हरभऱ्याचे डहाळे येतात, थंडीने ओठ फुटतात. त्याच सुमाराला चौकाचौकात नवे फलकही उगवतात. यंदा माझ्या कामाच्या वाटेवर तीन आहेत. एकावर पोटावर हात ठेवून हसणारी बाई, खाली 'आतड्यांचं आरोग्य' आणि त्याखाली ग्रॅमचा आकडा. पुढच्या फलकावर दुसराच आकडा. दोघांपैकी एकजण तरी खोटं बोलतो आहे, कदाचित दोघंही. तिसऱ्या फलकावर आकडाच नाही, फक्त 'मोफत तपासणी' एवढंच आहे. मला तिसऱ्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

मी नायगाव तालुक्यातल्या एका गावात वाढले. आई अंगणवाडी सेविका. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं पोत्याने होती. आईच्या संघटनेची, पिवळ्या आणि गुलाबी कागदावरची. डाळीचे डबे त्यांनीच झाकलेले, पिठाच्या डब्याखाली तीच अंथरलेली. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'मानधन नको, वेतन हवे' या ओळीवर. त्या पत्रकांनी मला एक सवय लावली. कागद हातात आला की आधी तळाची ओळ बघायची, तो काढणारा कोण ते. शिट्टीवाल्या कोचने प्रत्येकीला वजन करून एक चिठ्ठी दिली होती. तिच्या तळाशी कोणाचं नाव नव्हतं. एका डब्याचं चित्र होतं.

माझी रूममेट नसरीन रांगेत माझ्या पुढे होती. नसरीन देगलूरची. तिचे अब्बा शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांच्या घरात मराठी, दखनी आणि तेलुगू अशा तीन भाषा एका ताटात जेवतात, आणि नसरीन हिशोब मराठीत करायची, देवाला दखनीत आठवायची आणि शिव्या तेलुगूत द्यायची. डॉक्टर व्हायचं म्हणून आलेली. आमच्या वर्गात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा 'नीट' देणाऱ्या मुली होत्या. नसरीनचं तसं नव्हतं. "अब्बांनी एकच साल दिलंय," ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती. "यंदा झालं तर झालं. न्हाई तर मशीनवर बसायचं." हे ती हसत म्हणाली, पण त्यानंतर वर्षभर तिने एकही रविवार सुट्टीचा धरला नाही.

काट्यावर तिचं वजन पंचेचाळीस किलो भरलं. कोचने चिठ्ठीवर लिहिलं, पंचेचाळीस गुणिले दोन, नव्वद ग्रॅम.

"पोट का बिघडतं? प्रोटीन कमी," तो सांगत होता. "वाचलेलं लक्षात का राहत नाही? प्रोटीन कमी."

मी विचारलं, "सर, दोननेच का गुणलं?"

"मॅडम, बायोलॉजी तुम्ही शिका. न्यूट्रिशन आमच्याकडे राहू द्या."

मुली हसल्या. नसरीनही हसली. संध्याकाळी आमच्या खोलीतल्या खिडकीत पावडरीचा पहिला डबा आला.

तेव्हा मला त्या मुलींचा राग यायचा, आता येत नाही. आमचं शिक्षणच तसं होतं. रविवारी परीक्षा, सोमवारी उत्तरसूची. उत्तरसूची आली की आपलं उत्तर तिच्याशी लावून बघायचं, आणि जुळलं नाही तर चूक आपली. महिनोन्महिने दर सोमवारी हे केल्यावर माणूस स्वतःच्या शरीरालाही तसाच तपासायला लागतो. चिठ्ठी म्हणजे उत्तरसूची. पावडर घेऊन नसरीनचं पोट फुगलं, तेव्हा चिठ्ठी चुकली असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, पोट चुकतंय. तिने एक चमचा वाढवला.

लातूर हे तुरीच्या डाळीचं गाव. गिरण्यांच्या बाजूने वारा सुटला की भाजल्यासारखा कोरडा पिवळा वास खोलीपर्यंत यायचा. आणि त्याच गावात आमच्या मेसच्या वरणाच्या वाटीचा तळ दिसायचा. मेस चालवणाऱ्या मंगलमावशींना आम्ही रोज चिडवायचो.

"मावशी, वरण लई पातळ हाय."

"पातळ न्हाई गं, हलकं हाय. अभ्यासाला हलकंच बरं असतंय."

"डाळ कुठंय त्यात?"

"हाय की. लाजून बसलीय तळाला."

हे विनोद आठवले की आता मला थोडी लाजच वाटते. कोच सगळंच खोटं बोलत नव्हता. आम्हाला प्रथिनं कमीच मिळत होती. खोटं पेरणाऱ्याला आधी थोडं खरं लागतं, आणि ते खरं त्याला आमच्या वाटीत आयतं मिळालं.

त्या वर्षी येळवशीला मी नसरीनला माझ्या मामाच्या शेतात नेलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा दिसत नाहीत, सगळं गाव रानात जेवायला गेलेलं असतं. कडब्याच्या खोपीपुढे पटकुरावर बसून आम्ही भज्जी खाल्ली. तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, सगळं बेसनात शिजून एकजीव झालेलं. वर लसणाचा वास मारणारं गार आंबील, ज्वारीचं पीठ ताकात मुरवलेलं. ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि वारा तिच्यातून जाताना नव्या साडीसारखा आवाज यायचा. नसरीनने दोनदा भज्जी घेतली. मग पर्समधून चिठ्ठी काढून मामीला विचारलं, "मामी, यात प्रोटीन किती ग्रॅम आसंल?"

मामी पळी हातात धरून बघतच राहिली. "बाई, मी पातेलं भरून केलंय. ग्रॅमनं काय केलं न्हाई."

"अंदाजे?"

"आता अंदाजे खा की अजून एक वाटी."

सगळे हसले. पण नसरीनने मोबाईलवर काहीतरी शोधलं, बोटांवर मोजलं आणि तिसरी वाटी नको म्हणाली. भाकरी तर तिने हातातही घेतली नाही. कोचने सांगितलं होतं, भाकरी, भात, फळं म्हणजे नुसती जागा अडवणं. मी ते बघितलं आणि मनात नोंदवलं, पुढचं भाषण तयार करायला.

भाषण नाही, पत्रकच काढलं. आमच्या घरचा तोच इलाज. जानेवारीत चौकातल्या झेरॉक्सवर चाळीस प्रती काढल्या. मथळा ठळक, 'पावडरीच्या बाजारापासून सावध!' खाली मुद्दे. वजनाला दोनने गुणणं हे व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्यांचं गणित आहे, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मुलींचं नाही. कोच सांगतो तो आकडा आणि विकतो तो डबा एकाच बॅगेतून निघतात. आपल्या भाकरी-वरणात सगळं आहे. तळाला मी स्वतःचं नाव लिहिलं, त्याचा मला अभिमान होता.

दोन दिवसांनी त्या चाळीसांतल्या निम्म्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर फिजिक्सची गणितं सोडवलेली मला दिसली. नसरीनने मात्र माझं पत्रक नीट वाचलं. वाचून परत दिलं.

"आपल्या भाकरी-वरणात सगळं आहे, आसं लिव्हलंयस. कुठल्या वरणात? मावशीच्या?"

मी पत्रकाची घडी घालायला लागले.

"तो भी न विचारता सांगतो, तू भी न विचारता सांगतीस. कायकू भेव दाखवतीस? माझ्या पोटाला कुणी विचारलंच न्हाई."

मला वाटलं ती कोचची बाजू घेते आहे. मी रागावले. त्यानंतर महिनाभर आम्ही एका खोलीत राहून जेवढ्यास तेवढं बोलत होतो. त्या महिन्यात कोच परत येऊन गेला. पोट फुगण्याच्या तक्रारी ऐकून त्याने आनंदाने मान डोलावली आणि बॅगेतून दुसरा, छोटा डबा काढला. हा आतड्यांसाठी. पोट बिघडवायला एक आणि सुधारायला एक. मी मनातल्या मनात दुसरं पत्रक लिहीत होते. बिछान्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मैत्रीण पोट धरून कुशीवर वळत होती, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मार्चच्या सराव परीक्षेत नसरीन मधूनच उठली. चेहरा पांढरा, दुपट्टा कमरेला घट्ट बांधलेला. मी पेपर टाकून तिच्यामागे गेले तेव्हा ती जिन्यात बसली होती. म्हणाली, "संडासला गेलं की रक्त येतंय. पंधरा दिवस झाले. अब्बांना सांगू नको, घरी नेतील. मग परीक्षा गेली."

मी अब्बांना सांगितलं नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिला घेऊन नांदेडला ये. मी निघते नायगावहून." अहमदपूर, लोहा, नांदेड, साडेतीन तासांचा तो एसटीचा प्रवास. रस्त्याला सोयाबीन कधीच निघून गेलेलं, हरभऱ्याच्या खळ्यांवर भुसा उडत होता. नसरीन खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तेलुगूत एक शब्द बोलत होती. तिला शिव्या देता येताहेत म्हणजे बरं आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

आईच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. त्यांनी तपासलं, शौच कडक होऊन गुदद्वाराशी फाटून जखम झाली आहे म्हणाल्या, बरी होईल म्हणाल्या. मी लगेच पर्समधून कोचची चिठ्ठी, दोन्ही डब्यांचे फोटो आणि माझं पत्रक, सगळा पुरावा टेबलावर मांडला. त्यांनी चष्म्यावरून एकदा त्याकडे पाहिलं आणि बाजूला सारलं.

"पावडर काय खाल्लीस ते नंतर. पावडरीसाठी काय सोडलंस ते सांग आधी."

नसरीन बोटं मोजायला लागली. भाकरी. भाजी. काकडी, पेरू. सकाळचं ताक.

"पाणी?"

नसरीन माझ्याकडे बघायला लागली.

"पाणी किती पितेस दिवसाला?"

"एक बाटली. कधी तेवढं भी न्हाई."

"का गं?"

तेव्हा ते बाहेर आलं. आमची अभ्यासिका सकाळी सातला उघडायची आणि रात्री नऊला बंद व्हायची. मुलींसाठी एकच संडास होता, आणि त्याला कुलूप. किल्ली मालकांच्या टेबलाच्या खणात. खण उघडायला सांगायचं तर टेबलापुढे उभं राहायचं, आजूबाजूला मुलं बसलेली, मालक विचारणार, "परत?" नसरीन दोनदा गेली होती. तिसऱ्यांदा गेली नाही. मग तिने पाणी कमी केलं, मग भाजी कमी केली, कारण भाजी खाल्ली की जावं लागतं. कोचची पावडर तिला आवडायचं एक कारण तेही होतं. पोट भरायचं आणि दिवसभर उठावं लागायचं नाही.

मी तिथे खुर्चीत बसून होते आणि माझ्या लक्षात येत होतं की मीही पाणी पीत नव्हते. आम्ही कोणीच पीत नव्हतो. पन्नास मुली एका छताखाली बसून मूत्रपिंडाची रचना पाठ करत होत्या आणि पन्नासही जणींनी, एकमेकींना न सांगता, पाणी सोडलेलं होतं. मला शिट्टीचा संशय आला, बॅगेचा आला, चिठ्ठीच्या तळाचा आला. त्या खणाचा कधी आला नाही, कारण त्याबद्दल बोलायला मलाही लाज वाटत होती.

"आता आकडा हवाय ना तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या वजनाला सदतीस-अडतीस ग्रॅम, चाळीस धरा. आतड्यासाठी म्हणून प्रथिनांचा काही वेगळा आकडा नसतो. दोन वाट्या घट्ट वरण, तीन भाकरी, एक अंडं, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, झालं तेवढं. पण त्याच्यासोबत भाजी नाही, फळ नाही, पाणी नाही, आणि जायची वेळ आली की दाबून बसायचं, तर चाळीस खा नाही तर नव्वद, आतडं तक्रार करणारच."

मी विचारलं, "म्हणजे पावडर वाईट नाही?"

"कोणाला आजारपणात मी स्वतः लिहून देते. तुला भांडायचंच असेल तर पावडरीशी नको भांडू. तो डबा हिच्या ताटातल्या सगळ्याची जागा घेऊन बसला, त्याच्याशी भांड."

आई इतका वेळ कोपऱ्यात बसली होती. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तू चाळीस कागद वाटलेस. एका पोरीला तरी इचारलंस का, बाई, तुला होतंय काय?"

"तू विचारतेस का अंगणवाडीत?"

"रोज. वजन करायच्या आधी. आयांना आदी शरम वाटते, मग सांगतात."

आईने कळवलं तसे नसरीनचे अब्बा देगलूरहून आले. लहान चणीचे, बोटांना मशीनच्या तेलाचा वास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नसरीन त्यांच्याकडे बघत नव्हती. ते म्हणाले, "परीक्षा कधी हाय?"

"मे म्हैन्यात."

"मग इथं काय करून राहिलीस? दवा घे आणि जा."

आम्ही परत आलो. दोघींनी मिळून अर्ज लिहिला, मालकांच्या नावाने, चार ओळींचा. किल्ली बाहेर खिळ्याला लावा, पिण्याचं पाणी मुलींच्या बाजूला ठेवा. मुली सह्या करायला तयार नव्हत्या. घरी कळलं तर बोलावून घेतील, ही भीती प्रत्येकीला. नसरीनने पहिली सही केली, पूर्ण नाव, गावासकट. तिला ज्याची सगळ्यात जास्त भीती होती ते होऊन गेलं होतं, म्हणूनही असेल. मग सतरा सह्या झाल्या.

मालक वाचून म्हणाले, "परीक्षेला दोन महिने राहिले, आणि तुम्हाला संडासाचं पडलंय?"

नसरीन म्हणाली, "सर, दोन महिने धरून न्हाई ठेवता येत."

कोणीतरी मागून खुदकन हसलं. मालकही ओशाळून हसले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्याला होती. पाण्याचं पिंप मात्र एप्रिल संपेपर्यंत आलं नाही. मंगलमावशींकडे आम्ही घट्ट वरणासाठी गेलो तर त्या म्हणाल्या, "डाळ वाढवते, पण मग पापड बंद." आम्ही पापड सोडला.

नसरीनने परीक्षा दिली, पूर्ण तीन तास, एकदाही न उठता. तिला एमबीबीएस मिळालं नाही, थोडक्यात हुकलं. ते गेलेले आठवडे नसते तर मिळालं असतं का, मला माहीत नाही, आणि जो कोणी ठामपणे सांगेल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही. ती मशीनवरही बसली नाही. अब्बा म्हणाले, दवाखान्याचंच काहीतरी शीक. आज ती नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लातूरहून, उदगीरहून, अहमदपूरहून क्लासच्या मुली तिच्या दवाखान्यात पोट धरून येतात. पर्समध्ये डबे असतात, मोबाईलमध्ये आकडे असतात. "सगळ्याजणी सांगतात, टेन्शननं होतंय," ती परवा म्हणाली. "मी म्हणते, टेन्शनचं नंतर बघू. आदी सांग, शेवटचं कधी गेलती?"

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलगी, बहीण, भाची या घडीला लातूरला किंवा नांदेडला एखाद्या खुर्चीवर बसलेली असेल. आज तिला फोन करा. मार्क विचारू नका, रँक विचारू नका, पावडरही विचारू नका. विचारा, पोट साफ होतं का, पाणी पितेस का, नाही तर का नाही. ती लाजेल, म्हणेल, सगळं ठीक आहे. त्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. येत्या रविवारची पहिली एसटी पकडा, ती बसते तिथे जा, आणि मुलींचा संडास स्वतः दार उघडून बघा.